मुशीचं तेल लावलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मला मांजरांचा फार त्रास होतो.

मोटारीला धुळीचा त्रास होतो, खड्ड्यांचा होतो, शिकाऊ ड्रायव्हरचा तर होतोच होतो. पण मांजरांनी गांजलेली मोटार सबंध कुलाबा जिल्ह्यात मी एकटीच असेन. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा एक बोका माझ्या नाकावर ताणून झोपला आहे आणि मागच्या चाकाशी कोणाची तरी दोन पिल्लं माझा मडगार्ड चाटत बसली आहेत. हे असं का झालं, ते कळायला माझी सगळी हकिगत ऐकावी लागेल. ऐका, फार लांबवणार नाही.

माझा जन्म १९३५ साली विलायतेत झाला. मी स्पोर्ट्स गाडी. बांधा लहान, नाक लांब, रंग लालभडक, चाकं सायकलीसारखी तारांची. टप नाही, फक्त घडी होणारं कापडी छप्पर. समोरची काच पुढे पाडली की वारा थेट तोंडावर. बाहेरून पत्रा दिसतो, पण आतला सांगाडा लाकडाचा आहे. हे लाकडाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बसायला जागा दोन. ज्यांनी मला घडवलं त्यांचं म्हणणं असं, की हिनं ओझी वाहायची नाहीत, बायकापोरांना देवाला न्यायचं नाही, हिनं फक्त पळायचं.

आणि मी पळाले! एका गोऱ्या साहेबानं मला आगबोटीतून मुंबईला आणलं. दर रविवारी डोळ्यांना मोठा चष्मा लावून तो मला पुण्याच्या रस्त्यावर सोडायचा. बैलगाड्या बाजूला व्हायच्या, गुरं शेपट्या वर करून शेतात शिरायची. लोक म्हणायचे, "काय गाडी आहे!" मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू? मग साहेब कायमचा मायदेशी निघाला. जाताना त्यानं माझ्या नाकावर दोन थापा मारल्या आणि मागे वळूनही पाहिलं नाही. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पुढे मला एका मुंबईकर शेटनं घेतलं. शेट मनानं मोठा, पण देहानं त्याहून मोठा होता. तो एकदा आत बसला की त्याला उपटून काढायला दोन माणसं लागत. १९४९ साली खंडाळ्याला निघालेलो असताना पनवेलशी माझा घसा बसला. शेटनं मला ढकलत एका भातगिरणीच्या पडवीत लावलं, गिरणीवाल्याला म्हणाला, "आठ दिवसांत मेकॅनिक पाठवतो," आणि टॅक्सीत बसून निघून गेला.

त्या आठ दिवसांची आठ वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी कोंबड्या आल्या. ज्या गादीवर साहेब बसायचा तिथे त्या अंडी घालू लागल्या. अंगावर भाताचा कोंडा साचला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याला गंज धरला, सांगाड्याचं लाकूड भुसभुशीत झालं. पुढे पुढे गिरणीत येणारी माणसं मला मोटार म्हणेनाशी झाली. "ते खुराडं जरा सरकव रे," असं माझ्याच तोंडावर बोलत. ताशी ऐंशी मैल पळालेल्या बाईला खुराडं म्हटलं की काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक!

मग १९५७ च्या दिवाळीनंतर काशीराम आला.

काशीराम हा कळंबोलीचा मिठागरवाला. काळा, सडपातळ, पन्नाशीच्या जरा अलीकडचा. तो भात भरडायला आला होता. माझ्याकडे बघून तो जो थबकला तो भात विसरूनच गेला. त्यानं कोंडा झटकला, खालचा लाल रंग बोटानं घासून पाहिला आणि गिरणीवाल्याला विचारलं, "ही देनार काय?" गिरणीवाल्यानं दोन पडाव मीठ मागितलं. पडाव म्हणजे मीठ वाहणारी मोठी होडी. काशीरामनं एकदासुद्धा घासाघीस केली नाही. "कोंबड्या मात्र माझ्या," एवढी अट गिरणीवाल्यानं घातली आणि व्यवहार झाला.

मिठागरवाला असं वेड्यासारखं का वागला, ते मला घरी गेल्यावर कळलं.

झालं होतं असं. काशीरामला भरतीओहोटीतलं जे कळायचं ते पंचक्रोशीत कुणाला कळत नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिथलं पोरसोर जाणतं. पण काशीराम नुसता वास घेऊन सांगायचा, की पाणी आता बांधाच्या कितव्या दगडाशी आहे. अशा या जाणत्या माणसाचा हिशोब जन्मात एकदाच चुकला, आणि तो नेमका स्वतःच्या लग्नात. भामाचं माहेर खाडीपलीकडे, बेलपाड्याला. नवरी घेऊन येणारा पडाव भर ओहोटीला चिखलात रुतला. नवी नवरी पिवळं लुगडं वर खोचून मांडीभर चिखलातून सासरी चालत आली. सासरच्या बायका पदराआड हसल्या. भामानं ते लुगडं धुतलं नाही. चिखल लागलेला काठ तसाच ठेवून तिनं ते ट्रंकेत घातलं, आणि वीस वर्षं नवऱ्याशी भांडण निघालं, की ती ट्रंक उघडायची. एवढंच. बोलायची गरजच नसायची.

आता त्यांची लेक मालू हिचं लग्न ठरलं होतं, आणि मुलगाही ठरला बेलपाड्याचाच. जगन त्याचं नाव. म्हणजे पुन्हा तीच खाडी, तोच चिखल. सुपारी फुटली त्या दिवशी भामानं काशीरामला बजावलं होतं, "माझ्या पोरीच्या पायाला चिखल लागला ना, तर मी भावाकडं जाईन ती परत येनार नाय. मंग बस तुजा मीठ खात."

"नाय लागनार," काशीराम म्हणाला होता. "माझी पोर मोटारीतनं जाईल."

म्हणून मी. काशीरामचा संसार माझ्या चार चाकांवर उभा होता, आणि त्यांतली दोन चाकं तेव्हा फिरतही नव्हती.

बैल जुंपून मला कळंबोलीला आणलं. सगळा गाव जमला. भामा कमरेवर हात देऊन माझ्याभोवती एक फेरा फिरली आणि तिनं विचारलं, "ह्यात किती मानसं बसतान?"

"दोन," काशीराम म्हणाला.

"नवरा, नवरी. आन् चालवनार कोन? खंडोबा?"

काशीरामनं आतल्या दोन जागा बोटानं पुन्हा मोजल्या. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मालू मात्र खो खो हसत सुटली. तिनं माझ्या नाकावरून हात फिरवला आणि माझं नाव 'तांबडी' ठेवलं. विलायतेतलं माझं नाव बरंच लांब आणि भारदस्त होतं, पण खरं सांगायचं तर मला तांबडीच आवडलं.

माझ्यावर इलाज करायला पनवेलहून महमूदचाचा आले. चाचांनी अठरा वर्षं आगबोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. दाढी पांढरी, बोटं काळी. त्यांनी माझ्या छातीला कान लावला, हँडल अर्धा फेरा फिरवलं आणि डोळे मिटून म्हणाले, "काशीरामभाव, इंजिन जिंदा हाय. फकत बेहोश हाय." त्या क्षणी मी त्यांना हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

पुढचे चार महिने चाचा मला होडी समजून दुरुस्त करत होते. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. सांगाडा बदलायला त्यांनी पनवेलच्या बळीराम सुताराला बोलावलं. बळीरामनं जन्मभर बैलगाड्यांची चाकं केलेली. माझी तारांची चाकं पाहून तो म्हणाला, "ही चाकं का चाळनी? यातनं रवा चाळायचा का?" पण हात त्याचा सोन्याचा. एका मोडीत काढलेल्या पडावाच्या सागवानी फळ्या आणून त्यानं माझा सांगाडा आणि तळ नवा केला. चाचांनी प्रत्येक फटीत कापूस ठोसला आणि वर गरम राळ ओतली, होडीला करतात तशी. पायानं दाबायच्या पट्ट्या, गिअरचा दांडा, जिथे जिथे भोक दिसलं तिथे कापूस आणि राळ. "अहो, मी पाण्यात जाणार नाही," असं मी ओरडून सांगत होते. मोटारीचं कोण ऐकतं? दिवे फुटले होते, तर चाचांनी जुन्या लाँचचे दिवे बसवले. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. "समिंदरात असाच कायदा हाय," ते म्हणाले.

आणि मग ती गोष्ट घडली.

चाचा चार दिवस नातेवाइकांकडे उरणला गेले. जाताना काशीरामला सांगून गेले, की पत्र्याला गंज धरतोय, तेवढा बघ. आता मिठागरावरच्या माणसाला गंजावरचा उपाय शिकवायचा म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं. मिठागरावर पाण्याची झडप असो, पडाव असो, लोखंडाचा खिळा असो, सगळ्याला एकच औषध. मुशीचं तेल! मुशी म्हणजे तो दातांचा मोठा मासा. त्याच्या काळजाचं तेल काढतात. ते चोपडलं की खारं पाणी वर्षानुवर्षं काही करू शकत नाही. काशीरामनं पिंपभर तेल आणलं आणि मला तीन हात दिले. वरून दिलं, खालून दिलं, तळाच्या फळ्यांना पाजलं, गादीखाली जिरवलं. चौथ्या दिवशी चाचा आले ते वेशीवरच थांबले. रुमाल नाकाला लावून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "या अल्ला! काशीरामभाव, ही मोटार हाय का मच्छीबाजार?"

"गंज धरनार नाय," काशीराम अभिमानानं म्हणाला.

"गंजाची काय मजाल," चाचा म्हणाले. "मानूस पन नाय धरनार."

मला धुतलं, राखेनं घासलं, लिंबं चोळली, उदाचा धूर दिला. उपयोग शून्य. उदाचा आणि मुशीचा मिळून एक तिसराच वास तयार झाला.

तरीही मी चालू झाले, मित्रांनो! एका सकाळी चाचांनी हँडल मारलं आणि नऊ वर्षांनी माझ्या छातीत ठोके पडले. मला रडू कोसळलं, पण नव्या सांध्यांतून आधीच तेल गळत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. चाचा मला पनवेलच्या बाजारात मिरवायला घेऊन गेले. मला वाटलं, पुन्हा लोक म्हणतील, काय गाडी आहे! लोक बाजूला झाले खरे, पण नाक धरून. आणि मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर पहिलं मांजर माझ्या मागे लागलं. मग दुसरं. नाक्यावरच्या पोलिसानं माझे तांबडे-हिरवे दिवे पाहिले, मागची चौदा मांजरं पाहिली, काही विचारायला हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला. कुठलं कलम लावावं हे त्यालाही कळेना. मी घरी आले तेव्हा मांजरं माझ्याबरोबर कळंबोलीला आली होती. त्यांतली बरीचशी परत गेलीच नाहीत.

भामा दारात उभी होती. ती आत गेली आणि ट्रंकेचं झाकण वाजलं.

लग्न वैशाखातल्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी होतं. पौर्णिमेला सकाळी वरात बेलपाड्याला निघायची. कळंबोली ते बेलपाडा वाटेत खाडीचा एक फाटा लागतो आणि त्यावरून मातीचा बांध जातो. काशीरामनं हिशोब दहादा केला. पौर्णिमा म्हणजे तिथी पंधरावी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, तीही उधाणाची. बांधावर पाणी चढणार दहाला. आठला निघायचं, नऊच्या आत बांध ओलांडायचा. "मोटारीला दहा मिंटं लागतान," काशीराम सगळ्यांना सांगत होता. मीही मनात म्हणाले, दहा कशाला? पाच पुरेत.

पण आम्ही दोघंही एका बाईला विसरलो होतो. ती हौसाआजी. हौसाआजी धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण गाणी म्हणून विधी पार पाडते, आणि ती सांगेल तसं सगळं चालतं. ऐंशी वर्षांची, वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिनं पहिला निकाल जागेचा लावला. नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या पदराची गाठ मारलेली असते. बेलपाड्याच्या घरच्या देवापुढे जाईपर्यंत ती सुटता कामा नये. म्हणून चाचा सुकाणूवर, त्यांच्या शेजारी मालू, आणि जगन मालूच्या मागे, घडी केलेल्या छपरावर, बाशिंग सांभाळत, माकडासारखा. गाठ दोघांच्या मधे ताणलेली. जगन बिचारा लग्नात एक शब्द बोलला नव्हता. छपरावर बसल्यावर एवढंच म्हणाला, "वास कसला येतय?"

मालू म्हणाली, "मुशीचा. सवय व्हईल."

दुसरा निकाल आजीनं माझ्यासमोर उभं राहून दिला. "वरातीफुडं मी चालनार, गात. माझ्या फुडं कोनी जात नाय. नवरा नाय, नवरी नाय, तुमची मोटार पन नाय."

आता तुम्हीच सांगा! मी पळण्यासाठी जन्मलेली. माझा पहिला गिअरच असा, की माणूस धावला तरी मागे पडावा. आणि माझ्यापुढे ऐंशी वर्षांची म्हातारी, दर कडव्याला थांबणारी. चाचा क्लच दाबत होते, सोडत होते, कपाळाचा घाम पुसत होते. माझ्या पोटातलं पाणी उकळायला लागलं. वेशीपाशी एकदा थांबलो, पिंपळापाशी दुसऱ्यांदा. प्रत्येक वेळी मला थंड करायला घागरी आल्या. मागे वाजंत्री, त्यामागे वऱ्हाडी, त्यामागे सामानाची बैलगाडी, आणि सगळ्यांत शेवटी मांजरं. साडेनऊ झाले तेव्हा कुठे बांध दिसला.

काशीरामनं पाण्याकडे एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो पुढे धावला. "हौसाआये, जरा पाय उचल गो."

आजीनं मान न वळवता नवं कडवं सुरू केलं. आधीच्यापेक्षा संथ.

आम्ही बांधाच्या मध्यावर होतो तेव्हा पाणी वर आलं. आधी टायरांशी, मग टायरांच्या निम्म्यावर. आजीच्या घोट्यांना पाणी लागल्यावर दोन बाप्यांनी तिला खांद्यावर उचललं. ती तिथूनही गातच होती आणि तरीही सगळ्यांच्या पुढेच होती, म्हणजे नियम मोडला नाही. माझ्या नळीत पाणी गेलं. मी दोनदा खोकले, तिसऱ्यांदा ठसकले आणि गप्प झाले. तिकडे मांजरांनी पाणी पाहिलं आणि सगळीच्या सगळी टणाटण उड्या मारून माझ्यावर चढली. नाकावर पाच, मडगार्डांवर सहा, एक मोठा बोका थेट जगनच्या मांडीवर.

जगनचा चुलता पाण्यातून ओरडला, "पोरीला उतरवा खाली! गुडघाभर तं पानी हाय, चालत जाव!"

मित्रांनो, मी तेव्हा काशीरामकडे पाहिलं. हा माणूस वीस वर्षं एका चुकीची शिक्षा भोगत होता आणि तीच चूक पुन्हा, त्याच खाडीत, त्याच्याच डोळ्यांदेखत होत होती. तो पाण्यात नुसता उभा होता. त्याचे ओठ हलत होते. पंधराची पाऊणपट, पंधराची पाऊणपट. हिशोब बरोबरच होता. पण तिथीत आजीच्या चालीची पाऊणपट कुठून धरणार? मला त्याची फार दया आली. जन्मात पहिल्यांदा मला पळावंसं वाटलं नाही. एवढंच वाटलं, की या पोरीच्या पायांखाली पाणी येऊ द्यायचं नाही.

"मी उतरनार नाय," मालू म्हणाली. तिनं सुकाणूची एक कड पकडली. "आयला सांगून आयली हाय. बेलपाड्याच्या दारातच उतरन."

"अग, पन आत पानी भरंल!" चुलता म्हणाला.

चाचांनी वाकून तळाच्या फळीवर हात फिरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग ते ताठ झाले आणि आरोळी मारली, "सूखा हाय! काशीरामभाव, बिलकूल सूखा! एक बूंद नाय!"

खरंच एक थेंब नव्हता. पडावाचं सागवान, कापूस, राळ, आणि त्यावर तीन हात मुशीचं तेल! बाहेर पाणी दाराच्या कडेला टेकलं होतं, आणि आत मालूचे हळद लावलेले पाय कोरडे ठणठणीत होते.

काशीराम एकदम जागा झाला. मोटार त्याला कळत नव्हती, पण रुतलेला पडाव कळत होता. "दोर आना!" तो गरजला. "पडाव वढता तशी वढा! नवरदेवा, खाली उतर, हलकी होऊ दे!" बैलगाडीचे बैल सोडून पुढे आणले, माझ्या आसाला दोर बांधला, वऱ्हाडातले सगळे बाप्ये लागले. जगन उतरला, पण गाठ सुटायची नव्हती. म्हणून तो बिचारा पदराला बांधलेला, दाव्याच्या वासरासारखा माझ्या बाजूनं चालू लागला. बांधाच्या कडेला त्याचा पाय घसरला आणि तो छातीपर्यंत चिखलात गेला. मालूनं दोन्ही हातांनी उपरणं धरून त्याला वर ओढलं. गाठ पक्की निघाली. बाशिंग मात्र वाहून गेलं.

हैसा, हैसा करत मी बांध ओलांडला. आजही त्या भागात सांगतात, की काशीरामची मोटार खाडीत तरंगली. मी खोटं बोलणार नाही. माझी चाकं जमिनीवरच होती. फक्त मधे एका जागी, जरा खोल होतं तिथे, चार-दोन हात जमीन लागली नाही. आता त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

बेलपाड्याच्या दारात मालू पाटावर उतरली. पायांची हळदसुद्धा पुसली नव्हती. नवरदेव मात्र छातीपर्यंत काळाकुट्ट, अंगाला मुशीचा वास आणि पायांत घोटाळणारी मांजरं. सासरच्या बायका हसल्याच. पण या खेपेला त्या नवरीला हसल्या नाहीत.

लेकीच्या वरातीबरोबर आई जात नाही. म्हणून यातलं काहीच भामाला माहीत नव्हतं. दुपारी पाणी ओसरलं, चाचांनी माझे सगळे भाग उन्हात वाळवले, अकराव्या हँडलला मी चालू झाले आणि आम्ही परतलो. वाटेत आजी नव्हती, त्यामुळे खरंच दहा मिनिटं लागली. चाचा वेशीवर उतरून नमाजाला गेले. शेवटचे पन्नास हात काशीरामनं मला ढकलत आणलं.

भामा दारातच होती. माझ्या दोन्ही बाजूंना, चाकांना, नाकाला चिखलाचे थर होते. तिनं ते पाहिलं. काशीराम म्हणाला, "तसं नाय गो, तू ऐक तं..."

ती त्याला ओलांडून माझ्यापाशी आली. वाकून तिनं मालूच्या जागेखालच्या फळीवर हात फिरवला. फळी कोरडी होती. तिच्या बोटांना थोडी हळद लागली, बस. ती तिनं अंगठ्यानं चोळून पाहिली. मग तिनं विचारलं, "जावय कसं गेलं?"

"छातीभर चिखलात," काशीराम घाबरत म्हणाला.

भामा हसली. आधी थोडी, मग पोट धरून, मग हसता हसता रडायला लागली; लेक गेली होती ना. डोळे पुसून ती झपकन आत गेली आणि ट्रंकेचं झाकण वाजलं. काशीराम माझ्या मडगार्डवर बसला. आता ही कपडे भरणार आणि भावाकडे जाणार, असंच त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं.

भामा बाहेर आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ते पिवळं लुगडं. तिनं लुगड्याचा एक पट्टा टर्रकन फाडला, बादलीत बुडवला आणि माझं नाक पुसायला लागली.

"अग, तो तं लग्नातला लुगडा," काशीराम म्हणाला.

"जुना झाला," भामा म्हणाली. "फडक्याला बरा हाय."

मला स्वच्छ करून ती दार उघडून डाव्या बाजूला बसली. काशीराम बादली उचलायला वाकला. "अरे बस की," ती म्हणाली. "दोनच तं मानसं हाव आता."

याला आठ वर्षं झाली. काशीराम गाडी चालवायला शिकला, फार बरी नाही. रविवारी दोघं पनवेलला जातात, बैलगाडीपेक्षा हळू. मी आता पळत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे. घरातली जुनी वस्तू पडवीत टाकू नका; ती वाट बघत असते आणि तिला कोंबड्या टोचतात. कोणी आपल्या परीनं, आपल्याला येतं तेवढ्यानं तुम्हाला जपत असेल, तर त्या जपण्याला येणारा वासही सोसा. आणि शक्य असेल तर मुशीच्या तेलाचे तीन हात देऊ नका, एक पुरतो.

भामा मला अजून त्याच फडक्यानं पुसते. त्याचा काठ काळा आहे. तो त्या जुन्या चिखलानं काळा झालाय की माझ्या ग्रीसनं, हे आता तिलाही सांगता येत नाही.